गोळीनं उठायचं, गोळीनं झोपायचं

औषधांचा डबा नाही असं घर सापडणार नाही. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, नाहीतर मिठाईचा प्लॅस्टिकचा. त्यात तापाच्या गोळ्या, बाम, कापूस, मुलांचं अर्धवट राहिलेलं खोकल्याचं औषध... आणि तळाशी कुठेतरी झोपेच्या गोळ्यांची एक स्ट्रिप. घरात कुणीतरी गेलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी म्हणून लिहून दिलेली. ते आठ दिवस कधीच संपले. स्ट्रिप मात्र संपत नाही, कारण संपायच्या आत दुसरी येते.

दारू किंवा गुटखा म्हटलं की व्यसन आपल्याला लगेच दिसतं. चिठ्ठीवर लिहून आलेल्या गोळीत ते दिसत नाही. गोळी म्हणजे औषध आणि औषध म्हणजे चांगलंच, असं आपलं सरळ गणित. हे गणित कुठे चुकतं, ते एका अभिनेत्रीच्या आयुष्यातून फार स्पष्ट दिसतं. तिचं नाव ज्युडी गार्लंड. 'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९ सालच्या इंग्रजी चित्रपटात निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकमधली, दोन वेण्या घातलेली डोरोथी नावाची मुलगी आहे ना, ती ज्युडी. इंद्रधनुष्याच्या पलीकडच्या देशाचं तिनं गायलेलं गाणं आजही जगभर ऐकलं जातं. ते गाणं गाणारी मुलगी वयाच्या ४७ व्या वर्षी झोपेच्या गोळ्यांनी गेली. आणि तिला पहिली गोळी देणारा कुणी गुंड नव्हता की अड्डेवाला नव्हता.

घरातली 'बेबी'

तिचं खरं नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म १० जून १९२२, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या लहानशा गावात. वडील फ्रँक आणि आई एथेल गावात थिएटर चालवायचे. चित्रपटाच्या मधल्या वेळेत स्टेजवर गाणी व्हायची, वडील गायचे, आई पियानो वाजवायची. तीन बहिणींत ही धाकटी, म्हणून घरात तिला 'बेबी'च म्हणत. अडीच वर्षांची असताना नाताळच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा स्टेजवर गेली, आणि गाणं संपलं तरी खाली उतरायला तयार होईना, असं सांगतात.

चार वर्षांची असताना कुटुंब कॅलिफोर्नियात लँकेस्टर या गावी आलं. आईच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट होती: मुलींना नाव मिळवून द्यायचं. गाडीत घालून ती तिघींना गावोगावच्या कार्यक्रमांना नेई. रात्री जागायचं, पहाटे निघायचं, पुन्हा संध्याकाळी हसतमुखानं गायचं. लहान मुलींना हे झेपेना. मग उत्साह टिकावा म्हणून एक गोळी, आणि कार्यक्रमानंतर झोप लागावी म्हणून दुसरी. ज्युडीचं चरित्र लिहिणारे सांगतात की, तिला अशा गोळ्या आईकडून मिळू लागल्या तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती.

आईला खलनायिका ठरवणं सोपं आहे. ज्युडीच्याही मनात तिच्याबद्दल शेवटपर्यंत कडवटपणा होता. पण आपल्याकडेही परीक्षेच्या दिवसांत मुलांना जागं ठेवण्यासाठी आणि नंतर झोपवण्यासाठी काय काय दिलं जातं, ते आठवून पाहा. मुलाचं भलं व्हावं हीच इच्छा त्यामागे असते. त्या आईलाही मुलगी स्टेजवर उभी राहायला हवी होती, आणि गोळी तिला उभी करत होती.

१९३५ साली, वयाच्या १३ व्या वर्षी, तिला एमजीएम या हॉलिवूडच्या बलाढ्य स्टुडिओनं करारावर घेतलं. तोवर गम हे आडनाव जाऊन गार्लंड आलं होतं आणि फ्रान्सिसची ज्युडी झाली होती. करार होऊन दोन महिने झाले असतील नसतील, तोच वडील आजारी पडले. मेंदूज्वरासारखा आजार. ते इस्पितळात होते त्या रात्री ज्युडी रेडिओवर गात होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. घरात तिच्या सर्वांत जवळचं माणूस तेच होतं. तिला रडायला फार वेळ मिळाला नाही, कारण काम सुरू झालं होतं.

स्टुडिओचं घड्याळ

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे एक कारखानाच होता. नट-नट्या महिन्याच्या, वर्षाच्या करारानं बांधलेल्या. त्यांनी काय घालायचं, काय खायचं, कुणाबरोबर फिरायचं हेही स्टुडिओ ठरवे. ज्युडीची उंची पाच फुटांपेक्षाही किंचित कमी. चेहरा गोल, गोड. स्टुडिओत तेव्हा एकापेक्षा एक देखण्या मुली होत्या. त्यांच्या रांगेत तिला सतत ऐकावं लागे की ती जाड आहे, बेढब आहे. स्टुडिओचे प्रमुख लुई मेयर तिला कुबडी म्हणून चिडवत. कॅन्टीनमध्ये तिनं काहीही मागितलं तरी तिच्यापुढे चिकन सूपच ठेवायचं, असा हुकूम होता. वाढीच्या वयातली मुलगी आणि जेवण म्हणजे सूप, काळी कॉफी आणि भूक मरावी म्हणून सिगारेट!

त्यात भर पडली गोळ्यांची. अँफेटामीन हे औषध तेव्हा नवीन होतं. ते घेतलं की भूक लागत नाही, झोप येत नाही, अंगात वारं शिरल्यासारखं काम करता येतं. वजन कमी करायला आणि मरगळ घालवायला डॉक्टरही ते सर्रास देत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनाही ते देण्यात आलं. त्याचे दुष्परिणाम किती खोल जातात हे तेव्हा फारसं कुणाला उमगलं नव्हतं, हे त्या लोकांच्या बाजूनं सांगायला हवं.

पण अंगात वारं शिरलं की रात्री झोप कशी येणार? मग झोपेसाठी बार्बिच्युरेट जातीची दुसरी गोळी. तिची गुंगी सकाळी उतरत नाही, म्हणून पुन्हा पहिली गोळी. ज्युडीनं पुढे सांगितलं की, तिला आणि तिचा जोडीदार नट मिकी रूनी याला गोळ्या देऊन सलग ७२ तास कामाला जुंपलं जाई, मग स्टुडिओच्या दवाखान्यात गोळी देऊन झोपवत आणि चार तासांनी उठवून पुन्हा जागं ठेवणारी गोळी देत. रूनीनं मात्र स्टुडिओनं गोळ्या दिल्याचा आरोप नाकारला. दोघांपैकी कुणाचं किती खरं, यावर वाद होत राहतील. विशीत येईपर्यंत ज्युडीला गोळीशिवाय जागता येत नव्हतं आणि झोपताही येत नव्हतं, याबद्दल मात्र वाद नाही.

'विझार्ड ऑफ ऑझ'चं शूटिंग झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. डोरोथी बारा वर्षांची दिसायला हवी, म्हणून तिची छाती आवळून बांधत. चित्रपट गाजला. बालकलाकारांसाठीचं खास ऑस्कर तिला मिळालं. घरात पैसा आला, आईचं स्वप्न पूर्ण झालं. सगळ्यांचं सगळं छान चाललेलं असताना त्या मुलीला काय होतंय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

नखरे की आजार?

१९४१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिनं संगीतकार डेव्हिड रोझशी लग्न केलं. ते टिकलं नाही. १९४५ मध्ये दिग्दर्शक विन्सेंट मिनेलीशी दुसरं लग्न झालं आणि मार्च १९४६ मध्ये मुलगी झाली. हीच पुढची प्रसिद्ध गायिका-अभिनेत्री लायझा मिनेली. बाळंतपणानंतर ज्युडी लवकरच पुन्हा सेटवर उभी राहिली, आणि गोळ्याही परत आल्या.

१९४७ मध्ये 'द पायरेट'च्या वेळी ती कोसळली. मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. बाहेर आल्यावर पुन्हा काम. १९४८ मध्ये एका चित्रपटातून तिला काढलं, १९४९ मध्ये आणखी एकातून. उशिरा येते, येतच नाही, सेटवर रडते, शंभर माणसं खोळंबतात. वर्तमानपत्रांनी तिला नखरेल म्हटलं, सहकाऱ्यांनी बेजबाबदार म्हटलं.

आपल्याकडच्या घरात हे असंच होतं, नाही का? सकाळी उठत नाही म्हणून आळशी. चिडचिड करते म्हणून भांडखोर. कालचं बोलणं आज आठवत नाही म्हणून वेंधळी. स्वयंपाक करता करता भिंतीला टेकून बसते म्हणून नाटकी. हे गोळीचं काम असू शकेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. बाईच्या स्वभावाला दोष देणं सगळ्यांत सोपं असतं.

बोस्टनमधला उन्हाळा

१९४९ च्या उन्हाळ्यात ज्युडी उपचारांसाठी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. तिच्या आयुष्यातला हा भाग फारसा सांगितला जात नाही. मला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तिथे डॉक्टरांनी काय केलं? एकदम सगळ्या गोळ्या हिसकावून घेतल्या नाहीत. देखरेखीखाली त्या कमी करत आणल्या. वेळेवर जेवण दिलं. रात्री ठरावीक वेळेला दिवे मालवले. कामाचा फोन नाही, कॅमेरा नाही, वजनकाट्याची भीती नाही. सुरुवातीचे दिवस फार त्रासाचे गेले. पण काही आठवड्यांत ती पोटभर जेवू लागली, आणि गोळीशिवाय झोपू लागली. लहानपणापासून हरवलेली झोप तिला सत्ताविसाव्या वर्षी परत मिळाली! गालांवर मांस आलं. इस्पितळाजवळच्या आजारी मुलांना भेटायला ती जाऊ लागली, त्यांच्यात रमली.

म्हणजे ती बरी होऊ शकत होती. बरी होत होती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तिची गोष्ट सांगताना लोक असं सांगतात, जणू तिच्या कपाळीच ते लिहिलं होतं.

मग काय झालं? ती परत आली. 'समर स्टॉक' नावाचा चित्रपट वाट पाहत होता. इस्पितळातून आलेली, जेवून जरा भरलेली ज्युडी स्टुडिओला जाड दिसली. वजन कमी करण्याचा तगादा पुन्हा सुरू झाला. आता वजन लवकर कमी करायचं म्हणजे काय करायचं, ते तिला चांगलं माहीत होतं. हा चित्रपट कधी पाहायला मिळाला तर नीट पाहा. जवळजवळ सगळ्या चित्रपटात ती गोल, भरलेली दिसते आणि शेवटच्या गाण्यात एकदम सडपातळ. ते गाणं बाकीचं शूटिंग झाल्यावर काही आठवड्यांनी घेतलं होतं. प्रेक्षकांना ते गाणं फार आवडलं. बोस्टनमध्ये जे कमावलं ते सगळं त्यात गेलं होतं.

बाई बरी झाली, पण तिला जिथे परत पाठवलं ती जागा तशीच राहिली. तेच कामाचे तास, तीच बोलणी, त्याच अपेक्षा. सप्टेंबर १९५० मध्ये स्टुडिओनं तिला करारातून मोकळं केलं. पंधरा वर्षं कमाई करून दिल्यावर. त्या आधी काही महिने निराशेच्या भरात तिनं स्वतःला इजा करून घेतली होती.

टाळ्या, कर्ज आणि साखर भरलेल्या कॅप्सूल

ती संपली असं सगळ्यांना वाटलं, पण ज्युडी चिवट होती. १९५१ मध्ये लंडनच्या पॅलेडियम थिएटरात ती उभी राहिली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात तिचा कार्यक्रम १९ आठवडे चालला. यामागे होता सिड लफ्ट. १९५२ मध्ये त्याच्याशी तिनं लग्न केलं, लोर्ना आणि जोई ही दोन मुलं झाली. १९५४ मध्ये 'अ स्टार इज बॉर्न' आला. नवऱ्याला दारूच्या व्यसनातून बाहेर काढू पाहणाऱ्या बायकोची ही भूमिका. स्वतः गोळ्यांत अडकलेल्या बाईनं ती इतकी खरी केली की, ऑस्कर तिलाच मिळणार असं सगळे म्हणत होते. ते मिळालं नाही.

१९५९ च्या अखेरीस तिच्या यकृतानं दगा दिला. आता ही पूर्वीसारखं काम करणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. दीड वर्षानं, २३ एप्रिल १९६१ रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तीन हजारांवर लोकांसमोर ती गायली. त्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हे पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री.

आणि घरी? घरी पैशांचा गोंधळ होता. तिच्या कमाईचा हिशोब दुसऱ्यांच्या हाती, कर थकलेला. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ती कार्यक्रमाला तासाहून जास्त उशिरा आली, शब्द अडखळले आणि लोकांनी तिची हुर्यो उडवली. तिचा टीव्हीवरचा कार्यक्रम २६ भागांनंतर बंद झाला. लफ्टशी काडीमोड झाला. १९६७ मध्ये गोळ्यांच्या आहारी गेलेल्या बायकांवरच्या 'व्हॅली ऑफ द डॉल्स' या चित्रपटात तिला भूमिका मिळाली होती. शूटिंग सुरू झाल्यावर तिथूनही तिला काढलं. त्याच सुमाराला कर्जापायी घर गेलं.

या सगळ्यात मुलं काय करत होती? आई झोपली की श्वास चालू आहे ना ते बघत होती. घरात कॅप्सूल उघडून आतलं औषध काढून साखर भरून ठेवायचेही प्रयत्न झाले. आई कधी बेभान हसते, कधी दार लावून घेते. लायझा तर शाळकरी वयातच घर सांभाळायला लागली होती. लोर्नानं १९९८ मध्ये या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात आईवरचा राग आहेच, पण हा आजार होता, आई वाईट नव्हती, ही समजही आहे. तिथवर पोहोचायला तिला अर्धं आयुष्य लागलं.

ती रात्र

मार्च १९६९ मध्ये तिनं लंडनमध्ये पाचवं लग्न केलं. २२ जून १९६९ रोजी, वाढदिवसानंतर बारा दिवसांनी, लंडनमधल्या भाड्याच्या घरात न्हाणीघरात ती मृतावस्थेत सापडली. तपासाअंती अधिकाऱ्यांनी निर्णय दिला की ही आत्महत्या नाही. वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्यांची सवय झालेल्या बाईनं नकळत, बेसावधपणे जास्त घेतल्या. न्यूयॉर्कमध्ये तिच्या अंत्यदर्शनाला सुमारे वीस हजार लोक रांगेत उभे होते.

नकळत जास्त कशा घेतल्या जातात? तर असं असतं. रोज झोपेची गोळी घेतली की शरीराला तिची सवय होते. मग तेवढीनं झोप येत नाही, दोन लागतात, तीन लागतात. झोप येण्यासाठी लागणारा डोस असा वाढत जातो. पण श्वास बंद पाडणारा डोस त्या प्रमाणात वाढत नाही. दोन्हींतलं अंतर कमी कमी होत जातं. विहिरीच्या काठाकडे रोज एक पाऊल पुढे सरकावं तसं. त्यात गुंगीत असलेल्या माणसाला आपण गोळी घेतली की नाही, हेच आठवत नाही. एखाद्या रात्री तो काठ ओलांडला जातो. सोबत दारू किंवा दुसरं गुंगीचं औषध असेल तर आणखी लवकर.

आपल्या डब्यात काय आहे?

त्या जातीच्या झोपेच्या गोळ्या आता क्वचितच दिल्या जातात. त्यांची जागा अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी घेतली. त्या तुलनेनं सुरक्षित असल्या, तरी सवय त्यांचीही लागते. ट्रॅमाडॉलसारखी जोरकस वेदनाशामकं आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांचंही तसंच. आपल्या सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातली सुमारे १ कोटी १८ लाख माणसं गुंगीची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर घेत होती. मार्च २०१४ पासून अशा बऱ्याच औषधांसाठी कडक नियम आहे. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दुकानदारानं वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. ओळखीवर, जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणायला मुलाला पाठवताना हे आठवावं.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. रोज गोळी घ्यावी लागते म्हणजे व्यसन नव्हे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्या रोजच घ्यायच्या असतात. मानसिक आजारांची औषधंही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायचीच. हे वाचून कुणी आपलं चालू औषध बंद करू नये.

मग खूण काय? ठरलेल्या डोसपेक्षा जास्त लागू लागणं. महिन्याची स्ट्रिप वीस दिवसांत संपणं. एका डॉक्टरांनी नाही म्हटलं तर दुसऱ्यांकडे जाणं, आणि पहिल्यांचं दुसऱ्यांना न सांगणं. गोळ्या ब्लाऊजांच्या घडीत, तांदळाच्या डब्यात लपवणं. स्ट्रिप संपत आली की जीव घाबराघुबरा होणं. दुखणं थांबलं तरी गोळी न थांबणं. यातलं दोन-तीन जुळत असेल, तर लाजायचं काही कारण नाही. डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एकदम बंद करू नका. घरच्यांनीही गोळ्या फेकून देणं, कुलूप लावणं, बदलून ठेवणं असले उपाय करू नयेत. ज्युडीच्या घरच्यांनी साखर भरली ती मायेपोटीच, पण बरेच दिवस घेतलेली झोपेची गोळी अचानक तुटली तर घाम, कापरं, भ्रम, इतकंच काय फिट्सही येऊ शकतात. जीवही जाऊ शकतो. बोस्टनच्या डॉक्टरांनी केलं तेच आजही योग्य मानलं जातं: तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं, कधी महिन्या-महिन्यानं डोस उतरवत नेणं. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घाला आणि डॉक्टरांपुढे ठेवा. काही लपवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आपल्या सगळ्यांना माहीत आहेच. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी मदतीचे क्रमांक आहेत. निनावीपणे विचारता येतं.

पण औषधोपचारांनी अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं घराचं. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या, कंबर धरून भाकऱ्या थापणाऱ्या बाईनं दुखण्याची गोळी का वाढवली, हे घरानं स्वतःला विचारायला हवं. ती दवाखान्यातून आल्यावर तिच्या वाटणीची कामं कोण घेणार? तिला दुपारी आडवं होता येणार का? तिला झोप का येत नव्हती, ते कुणी ऐकून घेणार का? हे बदललं नाही तर घरात पुन्हा 'समर स्टॉक'च होतो. बाई बारीक दिसते, उभी दिसते, कामाला लागलेली दिसते, आणि आपण म्हणतो, झाली बाई बरी!

ज्युडीच्या गोष्टीचा शेवट मात्र तिच्यापाशी होत नाही. तिची मुलगी लायझा हीसुद्धा पुढे गोळ्या आणि दारूत अडकली. पण काळ थोडा बदलला होता. अमेरिकेच्या माजी अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना अशाच वेदनाशामक गोळ्यांचं आणि दारूचं व्यसन लागलं होतं. १९७८ मध्ये घरच्यांनी एकत्र बसून त्यांना ते प्रेमानं पण स्पष्ट सांगितलं, त्यांनी उपचार घेतले आणि लपवून न ठेवता जगाला सांगितलं. १९८२ मध्ये त्यांच्या नावानं कॅलिफोर्नियात उपचार केंद्र उभं राहिलं. १९८४ मध्ये लायझा त्याच केंद्रात दाखल झाली. लढाई एका फेरीत संपली नाही, तिला पुन्हा पुन्हा उपचार घ्यावे लागले. पण आई ज्या वयात गेली ते वय ओलांडून ती कितीतरी वर्षं जगली, गायली.

आईच्या वेळी सगळ्यांनी तिला स्टेजवर कसं उभं करायचं हे पाहिलं. मुलीच्या वेळी कुणीतरी तिला थांब, आधी बरी हो म्हणणारं होतं. आज संध्याकाळी तो औषधांचा डबा खाली काढाल तेव्हा जुन्या स्ट्रिप्सवरच्या तारखा बघाच. आणि ती स्ट्रिप घरात कुणाची आहे, तिला झोप का लागत नाही, तेही एकदा जवळ बसून विचारा.